कडुलिंबाच्या पाण्यात कपडे भिजवले म्हणून सहा महिने डास लांब राहत नाहीत

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. कडुलिंबाचा पाला आणि गवती चहा पातेल्यात अर्धा तास खळखळून उकळा, गाळा, त्यात तुरटी टाका, कपडे रात्रभर भिजत ठेवा आणि कडक उन्हात वाळवा. मग म्हणे सहा महिने डास जवळ फिरकणार नाहीत, कितीही वेळा धुवा, केमिकल अजिबात नाही म्हणून तान्ह्या बाळालाही चालतं, कंपन्या हेच महाग करून विकतात, आणि एकदा हे केलं की मच्छरदाणी, क्रीम कशाचीच गरज नाही.

वनस्पतींच्या अर्काने कीटक दूर ठेवणारं कापड बनतं हे खरं आहे. मी कापडाच्या फिनिशिंगमध्ये, म्हणजे विणून झालेल्या कापडावर वेगवेगळी द्रव्यं चढवण्याच्या कामात आहे, हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि म्हणूनच हा मेसेज वाचून राग येतो, कारण यावर विश्वास ठेवून कोणी मच्छरदाणी काढून ठेवली तर त्रास त्या घरातल्या पोरांना होणार. तर एकेक दावा घेऊ.

आधी ते उकळणं. गवती चहाचा जो वास येतो तो सिट्रलचा, त्याच्याच कुळातल्या सिट्रोनेला गवतात सिट्रोनेलाल आणि जेरॅनिऑल असतं, आणि डासांना नकोशी होणारी द्रव्यं हीच. ती हवेत उडतात म्हणून तर डासापर्यंत पोचतात. या गवतांचं तेल काढतात कसं? पानांतून वाफ सोडतात, वाफेबरोबर तेल बाहेर पडतं, मग ती वाफ थंड करून तेल वेगळं करतात. आता तुम्ही उघड्या पातेल्यात अर्धा तास उकळलंत तर तुम्ही नेमकं हेच केलंत, फक्त तेल पकडलं नाहीत, ते स्वयंपाकघरभर पसरलं आणि पातेल्यात राहिलं हिरवट पाणी. मुळात ओल्या पानांत तेल वजनाच्या साधारण एक टक्काही नसतं, त्यातून जे थोडंफार उरलं ते कडक उन्हात कपडा वाळेपर्यंत जातं. घर छान सुवासिक होतं म्हणून लोकांना वाटतं काहीतरी झालं बुवा!

कडुलिंबाचं प्रकरण वेगळं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कडुलिंबाचं नाव झालं ते अझाडिरॅक्टिनमुळे. हा मोठा, जड रेणू आहे, हवेत उडत नाही. पान खाणाऱ्या अळीच्या पोटात गेला की तिचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं, वाढ खुंटते. शेतात तो कामाचा आहे यात वादच नाही. पण डास तुमचा शर्ट खायला येत नाही ना, तो कापडातून सोंड घालून रक्त प्यायला येतो, मग न उडणारं, खाल्ल्यावरच काम करणारं द्रव्य त्याला कसं अडवणार? शिवाय अझाडिरॅक्टिन भरपूर असतं ते बियांत, पाल्यात नाही, आणि उकळणं आणि ऊन या दोन्हीने ते मोडतं, म्हणजे मेसेजमधली कृती त्याला संपवायलाच लिहिल्यासारखी आहे. बियांच्या तेलाचा उग्र वास डासांना थोडाफार नकोसा होतो, ते मान्य, पण ते तेल पाला उकळून मिळत नाही. हां, लोकरीला लागणारी कसर असेल तर गोष्ट बदलते, कारण ती अळी खरोखर लोकर खाते, तिथे खाणं थांबवणाऱ्या अर्काचा विचार करण्यात अर्थ आहे. पण मेसेज डासांबद्दल आहे.

तुरटीने अर्क पक्का बसतो, हा पुढचा दावा. तुरटी रंगाला धरून ठेवते कारण तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम रंगाच्या किंवा टॅनिनच्या (झाडातल्या तुरट द्रव्याच्या) रेणूला आणि धाग्याला दोघांनाही पकडतं. त्यासाठी त्या रेणूवर पकडायला तशी जागा लागते. सिट्रल, सिट्रोनेलाल यांच्यावर तशी जागा नाही. त्यामुळे होतं काय, तर पाल्यातला हिरवा-पिवळा रंग कपड्यावर पक्का बसतो आणि वास निघून जातो, आणि डाग दिसतोय म्हणजे औषध टिकलंय अशी समजूत होते.

कंपन्या हेच विकतात? नाही हो. उडणारी गोष्ट उडू न देता धरून ठेवायची आणि हळूहळू सोडायची, सगळं काम एवढंच आहे आणि तेच अवघड आहे. एक पद्धत म्हणजे जिलेटिन आणि गम अरेबिकच्या कोमट पाण्यात तेल जोरात ढवळून बारीक थेंब करतात, मग पाणी हळूहळू आंबट करत नेतात, तसं जिलेटिन आणि डिंक एकमेकांना धरतात आणि प्रत्येक थेंबाभोवती कवच जमतं, मग थंड करून ते घट्ट करतात. या कॅप्सूल डोळ्यांना दिसत नाहीत. त्या बाइंडरबरोबर, म्हणजे त्यांना धाग्याला चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याबरोबर, पाण्यात कालवून कापड त्यातून बुडवून काढतात, रोलरमध्ये पिळतात, वाळवतात, तापवतात. बाइंडर पक्का व्हायला उष्णता लागते आणि उष्णता जास्त झाली की आतलं तेल पळतं, त्यामुळे तापमान ठरवतानाच अर्धी लढाई होते. असं कापड नुसतं हुंगलं तर मंद वास येतो, नखाने खरवडलं की एकदम भपकन येतो, कारण कॅप्सूल फुटल्या. फुटली की ती संपली, परत भरत नाही. दुसरी पद्धत सायक्लोडेक्स्ट्रिनची, म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांसारखे रेणू सुती धाग्याला रासायनिक पद्धतीने जोडायचे आणि त्यांच्या पोकळीत तेल बसवायचं. मला ही जास्त आवडते, कारण पोकळी रिकामी झाली तर पुन्हा तेल भरता येतं.

आणि एवढं करूनही "कितीही धुवा" असं प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. डिटर्जंटचं कामच मुळी कापडावरचं तेल सोडवणं आहे. डासांविरुद्ध कापडावर खरंच टिकतं ते पर्मेथ्रिन, कारखान्यात बसवलेलं असेल तर साधारण ७० धुण्यांपर्यंत धरतात. पण ते बनवलेलं रसायन आहे, शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलातल्या द्रव्यावरून रचलेलं, कारण फुलातलं मूळ द्रव्य उन्हात टिकत नव्हतं. म्हणजे निसर्गाकडूनच शिकले, पण टिकाऊपणासाठी रेणू बदलावा लागला.

आता "नैसर्गिक म्हणून बाळालाही चालतं". हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. सिट्रल, जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनॅलूल ही सगळी द्रव्यं युरोपात कॉस्मेटिक्सच्या लेबलवर नाव लिहावं लागणाऱ्या अ‍ॅलर्जी करणाऱ्या सुगंधांच्या यादीत आहेत. लिनॅलूल हवेत जुनं झालं की जास्तच त्रास देतं. बाळ कपड्याची बाही चोखतं, आणि कडुलिंबाचं तेल पोटात गेल्याने तान्ही मुलं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. लेमन युकॅलिप्टसपासून केलेलं पीएमडी हे वनस्पतीतून आलेलं चांगलं, तपासलेलं द्रव्य, पण तेसुद्धा ३ वर्षांखालच्या मुलांना लावू नका असंच अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते.

राहिली मच्छरदाणी आणि क्रीम. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक तुलना आली होती, हात डासांच्या पिंजऱ्यात घालून केलेली. २३.८ टक्के डीट, म्हणजे डास पळवणाऱ्या क्रीममधलं रसायन, त्वचेवर सरासरी ५ तास टिकलं, सिट्रोनेलाची बहुतेक उत्पादनं २० मिनिटांच्या आत संपली, आणि औषध भरलेले मनगटी पट्टे जवळजवळ निकामी ठरले. त्या पट्ट्यांकडे जरा नीट बघा, कारण औषध मनगटावर असून बाकीचा हात मोकळाच राहिला. शर्टाचंही तेच. शर्टावर चांगलं फिनिश असलं तरी मान, कान, घोटे उघडेच असतात, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसाढवळ्या घोट्यांनाच चावत असतो.

वनस्पतीचं फिनिश असलेलं कापड घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला विचारा, कुठल्या डासावर तपासलं, किती धुण्यांनंतर तपासलं, आणि फिनिश केल्यावर किती दिवसांनी तपासलं. नुसतं "९० टक्के परिणामकारक" म्हणत असेल आणि या तिन्हींचं उत्तर देत नसेल तर ताज्या, न धुतलेल्या तुकड्यावर काढलेला आकडा समजा आणि मच्छरदाणी लावूनच झोपा.