‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणे!

दिवाळीच्या पाडव्याला बडोद्याला फोन लावला. दांडिया बाजारातल्या घरी सगळे जमलेले आणि वाद चाललेला नानामामांवरून. मामा ७८ वर्षांचे. उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलाय, पण तो मुलांना. मामांना सांगितलंय, ‘अशक्तपणा आहे’. खरं सांगावं की नाही, यावर घरात दोन तट. माझा धाकटा भाऊ न सांगणाऱ्यांचा पुढारी. म्हणाला, “नाव कळलं की माणूस खचतो. दादा, मन पॉझिटिव्ह असलं ना, की असले आजार जवळ फिरकत नाहीत.”

हे तो कुणाला सांगत होता? मला सात वर्षं पार्किन्सन आहे.

म्हणजे मी निगेटिव्ह होतो म्हणून झाला? १९८१ साली बडोद्याच्या कलाभवनातून, म्हणजे तिथल्या इंजिनीयरिंग कॉलेजातून बाहेर पडून, दोन बॅगा आणि अर्धवट जर्मन घेऊन या देशात, जर्मनीत, उतरलो, तो काय रडतरडत? दातात अडकलेल्या बडीशेपेच्या काडीसारखं ते वाक्य तेव्हापासून टोचतंय.

आमच्याकडे न्यूरोलॉजिस्ट बाईंनी नाव मला सांगितलं, तोंडावर. बायको शेजारी होती, पण डॉक्टरबाई बोलत होत्या माझ्याशी. मग तीन आठवडे रेहा (पुनर्वसन केंद्रात राहून उपचार), आठवड्यातून दोनदा क्रांकनगिम्नास्टिक, म्हणजे फिजिओथेरपी, मंगळवारी आमच्यासारख्याच थरथरणाऱ्यांचं टेबल टेनिस. ‘पॉझिटिव्ह राहा’ असं हाउसआर्ट्झ, म्हणजे आमचा फॅमिली डॉक्टर, आजवर एकदाही म्हणालेला नाही. तो विचारतो, पोट साफ होतं का, रात्री झोपेत हातपाय झाडता का. याला म्हणतात काळजी. (‘आमच्याकडे’ म्हणजे इथे. हा शब्द हल्ली कुठल्या बाजूला टाकायचा तेच कळेनासं झालंय.)

या रोगात मनाची भाषा बोलणं किती फोल आहे, ते भावाला कसं सांगू? मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागतो तेव्हा त्यातल्या पुष्कळशा आधीच गेलेल्या असतात. वास येणं तर त्याच्याही कितीतरी आधी जातं. भाऊ दर वर्षी लीलो चेवडो, बडोद्याचा ओलसर चिवडा, पाठवायचा. एका वर्षी मी म्हटलं, पूर्वीसारखा वास नाही रे, दुकान बिघडलं. तो बिचारा दुसऱ्या दुकानात गेला. तिथलाही बिघडलेला. बिघडलो मी होतो.

आणि चेहरा. चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, माणूस मनातून हसत असला तरी समोरच्याला तो ठोकळा दिसतो. मागच्या खेपेला बडोद्यात सगळ्यांचं एकच पालुपद: “तिकडे राहून अगदी जर्मन झालास, हसत नाहीस.” वर कामाठीबागेतल्या हास्यक्लबात नेलं. पन्नास माणसं हात वर करून हा हा करतायत आणि मध्ये मी. मला हसूच येत होतं खरं तर, फार. कुणाला दिसलं नाही. शिवाय उदासी येते ती या रोगाचाच भाग म्हणून येते, तिला औषध लागतं. नुसतं ‘हसत राहा’ म्हणणं म्हणजे लंगड्याला ‘नीट चाल’ म्हणण्यासारखं.

एका गोष्टीत मात्र भावाला मान द्यावा लागेल. त्याने खाजकुइलीच्या बियांची पूड पाठवली होती, “गोळ्या सोड, हे घे.” मी चेष्टा करायला निघालो आणि वाचलं तर त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, माझ्या गोळीत असतं तेच. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या रोगावर लिहिलं. आपल्याकडे कंपवात हे नाव जुनंच. छाती फुगली, कबूल करतो. मंगळवारी टेबल टेनिसवाल्यांना ऐकवूनही आलो. पण पुडीतल्या चमच्यात किती लेव्होडोपा आहे, हे कोण सांगणार? वरून गोळीही घेतली आणि जास्त झालं, तर अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागतं. पुडी कपाटात आहे. टाकवत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. फोनवर मी भावाशी भांडलो, मामांना खरं सांगा म्हणून. आणि मी काय करतो? रविवारी सकाळी सव्वानऊला गोळी घेतो, नाश्त्याच्या बरंच आधी, कारण प्रथिनं पोटात गेली की ती गोळीच्या आड येतात. पाऊण तासाने हात शांत होतो. मग दहाला बडोद्याला व्हिडिओ लावतो. तिकडे दुपारचे अडीच, जेवणं आटोपलेली. सात वर्षांत भावाने माझा हात थरथरताना फोनवर पाहिलेला नाही. “बघ, किती छान आहेस,” म्हणतो. मी पण ‘अशक्तपणा’च सांगतोय की त्याला.

इथे हे नाटक करावं लागत नाही. शेजारची बाई माझी कचऱ्याची टोपली न बोलता आत आणून ठेवते. फार बरं वाटतं. कधी कधी वाटतं, तिने दार वाजवून एकदा विचारावं, आज का नाही निघालात बाहेर? ती विचारणार नाही. ते इथे बसत नाही. आणि बडोद्यात सकाळी सातपासून चार जण विचारतात, तर माझं डोकं उठतं.

घरात दारापाशी माझे पाय जमिनीला खिळतात. हेही या रोगाचंच. थेरपिस्ट बाईंनी न्हाणीघराच्या दारात पिवळी पट्टी चिकटवली आहे. ओलांडायला रेघ दिसली की पाय उचलतो. शिवाय ताल मोजायला सांगितलाय. त्यांच्या यंत्राची टिकटिक मला लागू पडत नाही. मी लेझीम मोजतो. लहानपणी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिर या आखाड्यात शिकलेली, तिथले गुरू माणिकराव यांच्या फोटोखाली. ती चालते.

मागच्या खेपेला बडोद्याच्या घरी रिक्षातून उतरलो, सगळे दारात उभे, आणि मी सरळ चालत आत गेलो. उंबरा आहे ना तिथे, चांगला चार बोटं उंच सागवानी. दिसला आणि पाय उचलला गेला. भावाने टाळीच वाजवली, “बघा! घरी आला आणि चालायला लागला. म्हणत नव्हतो मी?”

पट्टीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.