चमचा चिकटतो, पण चुंबकत्वामुळे नाही

२०२१ पासून एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. कोविडच्या लशीत आणि नाका-घशातून नमुना घ्यायच्या स्वॅबच्या काडीत चुंबकीय नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, असतात, म्हणून दंडाला चमचा चिकटतो. हे कण शरीरातून कधीच जात नाहीत. आणि पुरावा काय, तर प्रयोगशाळा असेच कण वापरतात.

पुराव्यापासूनच सुरुवात करू, कारण तेवढं खरं आहे. चाचणीसाठी नमुन्यातून आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, वेगळा काढायच्या अनेक किटमध्ये चुंबकीय मणी असतात. पण ते माणसात जात नाहीत, काडीवरही नसतात. नमुना नळीत आल्यावर त्यात घालतात. आयर्न ऑक्साइडचे हे कण, वर सिलिकाचा लेप. क्षारांच्या दाट द्रावणात आरएनए त्या लेपाला धरून बसतो. नळी चुंबकाच्या स्टँडवर ठेवली की मिनिटा-दोन मिनिटांत तपकिरी गढूळ द्रव नितळतो आणि नळीच्या एका बाजूला गंजासारखा डाग जमतो. वरचा द्रव काढायचा, कण अल्कोहोलने धुवायचे, शेवटी आरएनए सोडवून घ्यायचा. गंमत पुढे आहे: नळी स्टँडवरून उचलून हलवा, डाग पुन्हा विखुरतो. चुंबक लांब गेला की या कणांचं चुंबकत्व जवळपास शून्य होतं. तसं झालं नसतं तर त्यांचे गोळे झाले असते आणि चाचणीच बिघडली असती.

म्हणजे जे कण स्वतः चुंबक नाहीत, ते चमचा ओढणार कसा? शिवाय चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. स्टँडवर मध्ये फक्त नळीची पातळ भिंत असते. लस त्वचा आणि चरबीच्या खाली, स्नायूत जाते, तीही साधारण अर्धा मिलिलिटर. चमचा चिकटतो तो घामाने आणि त्वचेच्या तेलाने. पितळेचं नाणंही चिकटतं, ज्याला चुंबक विचारत नाही. दंडाला टाल्कम पावडर लावून बघा, चमचा घसरतो.

‘कधीच जात नाहीत’ याचं उत्तर फेरुमॉक्सिटॉल. लोहाच्या कमतरतेवरचं हे औषध म्हणजे आयर्न ऑक्साइडचे नॅनोकणच, अमेरिकेत २००९ पासून मान्य. एका डोसमध्ये ५१० मिलिग्रॅम लोह थेट शिरेत जातं, तरी रुग्णाला चमचे चिकटत नाहीत. यकृत आणि प्लीहेतल्या पेशी ते कण फोडतात आणि लोह शरीराच्या साठ्यात जमा होतं. या औषधाला काळजी लागते, ती वेगळ्याच कारणांसाठी: क्वचित तीव्र ॲलर्जी येते, आणि तीन महिन्यांपर्यंत एमआरआयच्या चित्रात फरक पडू शकतो. त्यातलं एकही मेसेजमध्ये नाही.