वसिष्ठ-अरुंधतीच्या मेसेजबद्दल खुलासा

लग्नसराईत एक मेसेज फिरतोय: सप्तर्षीतले वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फिरतात, म्हणून नवदांपत्याला ते दाखवतात. प्रथा खरी आहे, सुंदरही आहे. पण या दोघांची अशी प्रदक्षिणा अजून कुणी मोजलेली नाही. अंतर इतकं, की ती असलीच तर एका फेरीला लाखो वर्षं लागतील.

मोजलेली जोडी आहे ती एकट्या वसिष्ठात. छोट्या दुर्बिणीतूनही तो दुहेरी दिसतो. त्यातल्या तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटातली (प्रकाश रंगांत फाकवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातली) रेषा कधी एक, कधी दुभंगलेली दिसते, हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांनी १८८९ मध्ये जाहीर केलं. म्हणजे तिथेही दोन तारे: एक आपल्याकडे येताना, दुसरा दूर जाताना त्यांच्या रेषा विरुद्ध बाजूंना सरकतात, म्हणून रेषा दुभंगलेली दिसते. फेरी सुमारे साडेवीस दिवसांची.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.