"घटनेत लिहिलंय तेवढंच वाचा" या फॉरवर्डला मुद्द्याला मुद्दा उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक नातेवाइकांचा, एक जुन्या कॉलेजचा, दोन स्पर्धा परीक्षावाल्या पोरांचे. मी या पोरांना राज्यघटना शिकवतो त्यामुळे "सर हे खरंय का" म्हणून वेगळे मेसेज पण आले. फॉरवर्ड लांबलचक आहे, थोडक्यात म्हणणं असं: कोर्टाचं काम फक्त घटना वाचणं आहे, अर्थ लावणं नाही. "बेसिक स्ट्रक्चर" (घटनेची मूलभूत चौकट, जी संसदेलाही मोडता येत नाही) हा शब्द घटनेत कुठेच नाही, १९७३ ला जजेसनी तो एका रात्रीत काढला, तोही ७ विरुद्ध ६ ने. त्यामुळे संसदेचे हात कायमचे बांधले गेले. प्रायव्हसी हा शब्दही घटनेत नाही. आणि कॉलेजियम, म्हणजे जजेसनीच जज निवडायची पद्धत, तर नाहीच नाही. खाली "जास्तीत जास्त शेअर करा".

यातली एक गोष्ट बऱ्यापैकी बरोबर आहे, ती शेवटी सांगतो. बाकीचं का पटत नाही ते आधी.

"कोर्टाने वाचावं, अर्थ लावू नये"

घटनेचं कलम १४५(३) काढून बघा. घटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायाधीश बसले पाहिजेत असं तिथे लिहिलंय. म्हणजे अर्थ लावणं हे काम कोर्टाने स्वतःकडे ओढून घेतलेलं नाही, घटनेनेच ते दिलंय आणि त्यासाठी किती जज लागतील तेही सांगितलंय. यालाच आपण घटनापीठ म्हणतो. कलम १३ म्हणतं मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल. आता विसंगत आहे की नाही हे अर्थ न लावता कोण कसं ठरवणार?

कलम १९ मध्ये स्वातंत्र्यांवर "वाजवी" निर्बंध घालता येतात असं आहे. हा "वाजवी" शब्द मूळ मसुद्यात नव्हता, पंडित ठाकुरदास भार्गवांनी संविधान सभेत दुरुस्ती सुचवून तो घालून घेतला, आणि त्यांचा हेतूच हा होता की निर्बंध वाजवी आहे का नाही हे कोर्टाला तपासता यावं, सरकारने म्हटलं म्हणून झालं असं नको. म्हणजे ज्यांनी घटना लिहिली त्यांनी जाणूनबुजून असे शब्द ठेवले ज्यांचा अर्थ प्रत्येक केसमध्ये लावावाच लागतो.

"बेसिक स्ट्रक्चर एका रात्रीत काढलं"

हा मुद्दा मी नीट सांगणार आहे कारण पोरांना पण इथेच गडबड होते.

मूळ भांडण एका शब्दाचं आहे, दुरुस्ती. कलम ३६८ संसदेला घटनेत दुरुस्ती करायचा अधिकार देतं. आता आपल्या मराठीतच विचार करा. तुम्ही गावाकडचा वाडा गवंड्याला दुरुस्तीला दिला, त्याने कौलं बदलली, भिंत पाडून खिडकी केली, मागे दोन खोल्या वाढवल्या, तर ती दुरुस्ती. पण तुम्ही परत आलात आणि वाडाच नाही, तिथे भलतीच इमारत उभी, तर तुम्ही त्याला दुरुस्ती झाली म्हणून पैसे द्याल का? १९७३ च्या त्या निकालात, म्हणजे केशवानंद भारती खटल्यात, न्या. एच. आर. खन्नांचं लॉजिक साधारण हेच होतं, की दुरुस्ती म्हटलं की जुनी घटना बदलांसकट टिकून राहिली पाहिजे, ती नष्ट करून दुसरी आणली तर त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही. हे शब्दाबाहेरचं काही नाही, कलमात जो शब्द आहे त्याचाच अर्थ आहे. पटो न पटो, पण "हवेतून काढलं" असं म्हणता येणार नाही.

आणि एका रात्रीत तर अजिबातच नाही. १९५१ ला शंकरी प्रसाद खटल्यात कोर्ट म्हणालं संसद मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करू शकते. ऑक्टोबर १९६४ ला सज्जन सिंग खटल्यात तीच लाइन कायम राहिली, पण दोन जजेसनी शंका काढली, त्यातले एक न्या. जे. आर. मुधोळकर. त्यांनी विचारलं की घटनेच्या मूळ वैशिष्ट्यातच बदल केला तर ती दुरुस्ती की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणं? १९७३ च्या आठ वर्षं आधी हा प्रश्न एका मराठी न्यायाधीशाने लिहून ठेवलाय. पुढे १९६५ ला डिट्रिच कॉनराड नावाच्या जर्मन प्राध्यापकांनी बनारस हिंदू विद्यापीठात याच विषयावर व्याख्यान दिलं. जर्मनीच्या घटनेत कलम ७९(३) आहे, काही मूळ तत्त्वांना दुरुस्तीनेही हात लावता येत नाही, कारण हिटलरच्या काळात सगळं कायद्याच्या वाटेनेच मोडताना त्यांनी पाहिलं होतं. (फॉरवर्डमध्ये "जगात कुठेच असं नाही" अशी पण एक ओळ आहे, तिचं उत्तर हेच. शिवाय बांगलादेशच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ ला आठव्या घटनादुरुस्तीच्या खटल्यात हे तत्त्व स्वीकारलं.)

मग १९६७ ला गोलकनाथ, अकरा जज, ६ विरुद्ध ५, आणि निकाल एकदम उलटा, की संसद मूलभूत हक्क कमी करूच शकत नाही. संसदेने १९७१ ला २४ वी दुरुस्ती करून त्याला उत्तर दिलं. आणि मग केरळमधल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाच्या स्वामी केशवानंद भारतींचा खटला, जो मुळात केरळच्या जमीन सुधारणा कायद्यावरून होता. तेरा न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, ऑक्टोबर १९७२ ते मार्च १९७३. एका बाजूला नानी पालखीवाला, दुसऱ्या बाजूला केरळतर्फे एच. एम. सिरवाई, दोघेही मुंबईचे. निकाल २४ एप्रिल १९७३.

आता फॉरवर्डवाल्यांनी जे सांगितलंच नाही ते ऐका. या निकालाने गोलकनाथ रद्द केला! २४ वी दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे गोलकनाथने संसदेचा जो अधिकार काढून घेतला होता तो केशवानंदने परत दिला, मूलभूत हक्कांसकट घटनेच्या कुठल्याही भागात दुरुस्ती करा, फक्त मूलभूत चौकट मोडू नका. आधीच्या स्थितीच्या तुलनेत संसदेची ताकद वाढली. हे मी वर्गात सांगितलं की निम्मी पोरं चकित होतात.

"७ विरुद्ध ६, म्हणजे निसटता"

निसटता होताच, मान्य. अकरा वेगवेगळी निकालपत्रं आहेत, वाचताना डोकं फिरतं, आणि बहुमताचा सारांश म्हणून जो कागद काढला त्यावर तेरापैकी नऊ जणांनीच सह्या केल्या. पण नंतर काय झालं ते बघा ना.

ऑगस्ट १९७५, आणीबाणी. ३९ वी दुरुस्ती आली, पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर काढली, आणि तीही निवडणूक रद्द झाल्याविरुद्ध इंदिरा गांधींचं अपील सुप्रीम कोर्टात चालू असताना. नोव्हेंबरमध्ये कोर्टाने निवडणूक वैध ठरवली पण त्या दुरुस्तीतला तो भाग बेसिक स्ट्रक्चरच्या आधारे रद्द केला. त्यानंतर लगेच सरन्यायाधीश ए. एन. रे यांनी केशवानंदचा फेरविचार करायला तेरा जजेसचं पीठ बसवलं आणि दोन दिवसात ते बरखास्त करावं लागलं. पुढे ४२ व्या दुरुस्तीने ३६८ मध्येच लिहून टाकलं की दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही आणि कुठल्याही कोर्टात प्रश्न विचारता येणार नाही. १९८० ला मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते रद्द झालं, आणि बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी. पुण्याचे. हेच चंद्रचूड १९७३ ला त्या सहाच्या बाजूला होते! ज्या माणसाने आधी विरोधात मत दिलं त्यानेच आणीबाणी बघितल्यावर तत्त्व पक्कं केलं. "७ विरुद्ध ६" म्हणणाऱ्याने निदान हे तरी सांगावं.

"संसदेचे हात कायमचे बांधले"

२०२३ पर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्यात. काहींचे तुकडे कोर्टाने रद्द केले, पण अख्खीच्या अख्खी दुरुस्ती रद्द झाली ती एकच, कॉलेजियमच्या जागी जजेस नेमायला आयोग आणणारी ९९ वी. बांधलेल्या हातांनी इतकं काम होतं का?

आणि आपल्याकडचंच उदाहरण घ्या, मराठा आरक्षण. ५ मे २०२१ चा निकाल लोकांना आरक्षणाच्या ५० टक्के मर्यादेसाठी आठवतो, पण त्यात दुसराही मोठा प्रश्न होता. २०१८ च्या १०२ व्या दुरुस्तीने कलम ३४२अ आलं, मागास वर्गांची यादी राष्ट्रपती जाहीर करतील असं. मग राज्याचा मागास वर्ग ठरवायचा अधिकार गेला का? केंद्र सरकार स्वतः कोर्टात सांगत होतं की नाही, आमचा तसा हेतू नव्हता. न्या. भूषण आणि न्या. नझीर यांनी संसदेच्या समितीचा अहवाल बघून हेतूला महत्त्व दिलं आणि राज्यांचा अधिकार शाबूत आहे म्हणाले. न्या. भट, न्या. नागेश्वर राव, न्या. गुप्ता या तिघांनी कलमाच्या शब्दांना महत्त्व दिलं आणि अधिकार गेला म्हणाले. ३ विरुद्ध २.

म्हणजे इथे नेमकं फॉरवर्डला हवं तेच झालं, लिहिलंय तेवढं वाचलं, आणि त्याचा फटका राज्यांना बसला. तेव्हा हेच लोक म्हणत होते की कोर्टाने संसदेचा हेतू का नाही बघितला. मग संसदेने काय केलं? तीनेक महिन्यात १०५ वी दुरुस्ती करून राज्यांचा अधिकार परत स्पष्ट लिहिला. संपला विषय. ५० टक्क्यांचा तिढा त्याने सुटला नाही, तो वेगळा. पण कोर्टाने लावलेला अर्थ पटला नाही तर संसद शब्द बदलू शकते, हे आपल्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

"प्रायव्हसी शब्द घटनेत नाही"

वृत्तपत्र स्वातंत्र्य हे शब्द तरी कुठे आहेत? १९५० मध्येच रोमेश थापर खटल्यात कोर्टाने सांगितलं की भाषण आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्यात ते आलंच. त्या काळात कोणी याला घुसडलं म्हटलं नाही, कारण शब्दाच्या पोटात जे आहे ते वेगळं लिहावं लागत नाही. कलम २१ मधलं "जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य" तसंच आहे. १९५० ला गोपालन खटल्यात कोर्टाने ते अगदी अरुंद वाचलं, कायदा आहे ना, झालं. प्रत्येक कलम वेगळ्या डब्यात. १९७८ ला मनेका गांधी खटल्यात १४, १९ आणि २१ एकत्र वाचायचं ठरलं, म्हणजे नुसता कायदा पुरे नाही, तो न्याय्य आणि वाजवी पण हवा. २०१७ ला नऊ जजेसनी एकमताने प्रायव्हसीचा हक्क मान्य केला तो याच रस्त्याने.

मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला, १९८५. जीवित म्हणजे नुसता श्वास का, पोट भरायचं साधन काढून घेतलं तर माणूस जगणार कसा, म्हणून उपजीविका २१ मध्ये धरली. पण त्याच निकालात महापालिकेचा हटवायचा अधिकार कायम ठेवला, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले. म्हणजे अर्थ विस्तारला की कोर्ट मागेल ते देतं असंही नाही.

आणि अरुंद वाचण्याचा परिणाम बघायचा असेल तर एप्रिल १९७६, एडीएम जबलपूर, आणीबाणीत तुरुंगात डांबलेल्यांचा खटला. आणीबाणीत २१ साठी कोर्टात जायचा हक्क स्थगित, मग पोलिसाने बेकायदा जीव घेतला तरी दाद नाही का, असं न्या. खन्नांनी विचारलं. सरकारचे वकील नीरेन डे यांनी मान्य केलं, आणीबाणी आहे तोवर नाही. ४ विरुद्ध १ ने सरकार जिंकलं. एकटे खन्ना विरोधात, आणि त्या चौघांत चंद्रचूडही होते, हेही लपवायचं कारण नाही. २०१७ च्या प्रायव्हसी निकालात एडीएम जबलपूर उलटवला तो त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी, लिहिलेल्या निकालपत्रात. मला विचाराल तर "लिहिलंय तेवढंच" म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी १९७६ चा तो निकाल वाचावा, त्यात तुरुंगात असलेली माणसं होती.

"कॉलेजियम घटनेत नाही"

हे बरोबर आहे, आणि इथे मी फॉरवर्डच्या जवळ आहे. कलम १२४(२) मध्ये राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करावी एवढंच होतं. १९८१ ला कोर्टानेच सांगितलं सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. १९९३ ला नऊ जजेसच्या पीठाने ते फिरवलं आणि जजेसच्याच मताला शेवटचा शब्द दिला. संविधान सभेत सरन्यायाधीशांच्या संमतीची अट घालायची सूचना आली होती तेव्हा २४ मे १९४९ ला बाबासाहेबांनी तिला विरोध केला होता, सरन्यायाधीशही माणूसच आहेत, त्यांच्या हातात असा नकाराधिकार देणं धोक्याचं आहे असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे नाकारलेली गोष्ट अर्थ लावून परत आणली. दुरुस्ती या शब्दातून मूलभूत चौकट निघते, जीवित या शब्दातून उपजीविका निघते, पण सल्ला या शब्दातून संमती निघत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आणीबाणीत जजेसच्या नेमणुकांत सरकारने काय केलं, १९७३ ला केशवानंदच्या दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठांना डावलून रे यांना कसं सरन्यायाधीश केलं, ती भीती मला समजते. पण भीती खरी असली म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. २०१५ ला ९९ वी दुरुस्ती ४ विरुद्ध १ ने रद्द झाली तेव्हा न्या. चेलमेश्वर यांनी जे विरोधी मत लिहिलं ते मला बहुमतापेक्षा जास्त पटतं.

तेव्हा कॉलेजियमवर वेगळा मेसेज लिहा, मी स्वतः चारही ग्रुपवर टाकतो. पण त्याच्या आडून केशवानंद आणि प्रायव्हसी यांना एकाच गोणीत भरू नका, ती वेगवेगळ्या शब्दांची वेगवेगळी भांडणं आहेत.