तिन्ही औषधं सारखीच कशी?

रक्तदाबाच्या औषधांची तुलना करणाऱ्या ऑलहॅट या मोठ्या चाचणीत क्लोरथॅलिडोन (लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारं औषध), अ‍ॅम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल ही तिन्ही औषधं सारखीच ठरली, हे तुमच्या लेखातलं विधान अर्धवट आहे. हार्ट अटॅकच्या बाबतीत फरक नव्हता, हे खरं. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच निष्कर्षांत अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअरचं (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडण्याचं) प्रमाण क्लोरथॅलिडोनवाल्यांपेक्षा जास्त दिसलं होतं. चौथं औषध डॉक्साझोसिन, त्यात तर ते जवळपास दुप्पट निघालं आणि २००० सालीच तो गट बंद केला. ३३ हजारांवर रुग्णांमध्ये दिसलेला फरक गाळून कसा चालेल?

इथे गोव्यात डिचोलीला माझ्या आईचे पाय अ‍ॅम्लोडिपिनने सुजायचे. डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन दिल्यावर सूज गेली, पण मे महिन्यात इकडच्या घामाच्या दिवसांत तिच्या रक्तातलं सोडियम उतरलं. रक्त तपासलं म्हणून कळलं. घरात वयस्कर माणसं असलेल्या वाचकांना ही तपासणी तरी सांगायला हवी होती.