रखमाबाईंच्या नावापुढे 'राऊत' का नाही?

नमस्कार. बालपणीचं लग्न नाकारून कोर्टात लढलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंच्या घराण्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन. 'राऊत' हे आडनाव गाळलं, ज्यांनी रखमाबाईंना वाढवलं त्या सावत्र वडिलांना, डॉ. सखाराम अर्जुन यांना, बाजूला टाकलं, आणि घराण्यांच्या छापील वंशावळी असताना कोर्टाचे नि नोंदणीचे कागद शोधायला सांगितले.

राऊत हे सावत्र वडिलांचं आडनाव. जन्मदाते वडील जनार्दन पांडुरंग, नवरा दादाजी भिकाजी. त्या काळी मुंबईत स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, एवढंच लिहायची रीत सर्रास होती. म्हणून नुसत्या नावावरून एक पिढी मागे जाता येतं: जनार्दनांचे वडील पांडुरंग, दादाजींचे भिकाजी. दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून लावलेल्या खटल्याच्या नावात तर तिच्या बाजूला फक्त 'रखमाबाई' आहे. 'राऊत' धरून शोधलंत तर हे कागद हाती लागणार नाहीत, आणि भलत्याच राऊतांशी नातं जुळेल.

पण नावापुढच्या वडिलांच्या नावावरही आंधळेपणाने विसंबू नका. दादोबा पांडुरंग आणि डॉ. आत्माराम पांडुरंग हे तर्खडकर बंधू त्याच मुंबईतले. आत्माराम तर 1883 मध्ये सखाराम अर्जुन यांच्यासोबत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांत होते. तेवढ्यावरून जनार्दन पांडुरंग त्यांचे भाऊ ठरत नाहीत. जात, धंदा, राहती आळी यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय रेघ ओढू नये.

आता कागदांचं. रखमाबाईंच्या आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. 1856 च्या विधवाविवाह कायद्याच्या कलम 2 प्रमाणे पुनर्विवाह करताच विधवेचा मयत नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपे. म्हणून सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न करण्याआधी त्यांनी ती मिळकत साडेआठ वर्षांच्या रखमाबाईंच्या नावे केली. अशा दस्तात देणारीचं नाव, मयत नवऱ्याचं नाव, अल्पवयीन मुलीचा पालक, घराची चतुःसीमा आणि साक्षीदार असतात. साक्षीदार पुष्कळदा नात्यातलेच, त्यामुळे त्यांच्या सह्या सोडू नका. नोंदणीच्या सूचीत माणसांची नावं इंडेक्स वनमध्ये, मिळकत इंडेक्स टूमध्ये. स्त्रीचं नाव सापडलं नाही तर मयत नवऱ्याच्या नावाखाली बघा, नाहीतर मिळकतीवरून उलटं या. 'रखमा', 'रुखमा', 'रुक्मा' ही सगळी रूपं तपासा. दस्त मोडीत असेल तर शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो. साल शके असेल तर 78 मिळवा, पण तिथी जानेवारी उजाडल्यानंतरची, म्हणजे साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची, असेल तर 79. लग्नाच्या तारखा इथेच एका वर्षाने घसरतात.

न्यायमूर्ती पिन्ही यांचा 21 सप्टेंबर 1885 चा निकाल इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत खंड 9, पान 529 वर आहे, अपिलाचा खंड 10, पान 301 वर. लग्नाच्या वेळी रखमाबाई 11 वर्षांच्या आणि दादाजी 19 चे, हे निकालातच मिळतं. पण छापील निकाल म्हणजे सारांश. नातेवाईक दिसतात ते दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) आणि प्रतिज्ञापत्रांत. दादाजींनी 1887 मध्ये छापलेल्या निवेदनात जयंतीबाईंचे वडील हरिश्चंद्र यादवजी येतात. मिळकत जाऊ नये म्हणून त्यांनी रखमाबाईंना अडवून धरलं, असा तिथला आरोप. त्यातलं नातं घ्यायचं. हेतूचा आरोप विरुद्ध पक्षाचा आहे, तो वंशावळीत उतरवायचा नाही.

छापील वंशावळीबद्दल मात्र मी ठाम आहे. तिच्यात पुरुषांची साखळी असते. एका जयंतीबाईंमुळे रखमाबाई चार घरांशी बांधल्या गेल्या: जनार्दनांचं, हरिश्चंद्रांचं, सखारामांचं आणि दादाजींचं. एकाच घराची वंशावळ घेतली तर उरलेली तीन गळतात, आणि जयंतीबाई त्यांतल्या एकीतही नावानिशी असतील याची खात्री नाही.

तुमचा दुसरा आक्षेप, सखाराम अर्जुन यांना बाजूला टाकल्याचा, मात्र बरोबर आहे. दादाजी हे सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले. म्हणजे सखाराम बाजूला पडले की रखमाबाई-दादाजींचं लग्न जुळलं कसं हेच कळत नाही. नव्या आकृतीत जयंतीबाईंपासून दोन विवाहरेषा काढल्या आहेत. जनार्दनांकडून रखमाबाईंपर्यंत सलग रेघ, सखारामांकडून तुटक रेघ आणि तिच्यावर 'सावत्र वडील' असं लिहिलं आहे, आणि सखारामांपासून दादाजींकडे वेगळी आडवी रेघ.