पाजणं शिकवावं लागतं

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अंगावर पाजणं उपजतच येतं, प्राण्यांना कोण शिकवतं? पहिले दोन-तीन दिवस दूध नसतंच, तेव्हा वरचं द्या. बाळ सारखं रडतंय म्हणजे दूध पुरत नाही. दुखलं तर सोसायचं. आणि स्तनपानाचे वर्ग म्हणजे बाळंतिणीवर नसतं दडपण. बाळंतिणींजवळ बसून पाजायला शिकवणं हेच माझं काम, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी प्राण्यांचं. चोखायची ओढ बाळाला उपजत असते, पण त्याला धरायचं कसं हे आईला बघून-बघून कळतं. अमेरिकेत रिचमंडजवळच्या प्राणिसंग्रहालयात झोई नावाची ओरांगउटान आहे. ती लहानपणीच आईला मुकली, त्यामुळे पिल्लाला पाजणारी कुणी तिने पाहिलीच नव्हती. पहिलं पिल्लू तिला सांभाळताच आलं नाही. २०२२ च्या डिसेंबरात दुसरं झालं, तेव्हा नुकतीच आई झालेली तिथली एक कर्मचारी झोईसमोर बसून आपल्या बाळाला पाजू लागली. झोई बघत राहिली आणि मग तिनेही पिल्लाला पाजलं. प्राण्यांना कोण शिकवतं, याचं उत्तर कधीकधी असंही असतं.

पहिल्या दिवसांत दूध नसतं, हे चूक. चीक असतो. घट्ट, पिवळसर, अगदी थोडा. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतंच किती? एका वेळी चमचाभर. त्या चमचाभरात रोगांशी लढणारे घटक भरलेले असतात. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं. तोवर विनाकारण वरचं दूध दिलं की बाळाचं पोट भरतं, ते कमी चोखतं आणि जितकं कमी चोखलं जाईल तितकं कमी दूध तयार होतं. मग ‘बघा, हिला दूधच नाही’ म्हणायला सगळे मोकळे!

दुखणं सोसायचं, हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. सुरुवातीला थोडं हुळहुळतं, पण चिरा पडत असतील, पाजून झाल्यावर बोंड चपटं दिसत असेल, तर बाळाची पकड चुकतेय. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला छातीकडे आणायचं. छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, नुसतं बोंड नव्हे तर भोवतीचा काळसर भागही तोंडात. एवढ्या बदलाने ओठ घट्ट मिटून वेदना सोसणाऱ्या बायकांचे खांदे सैल होताना मी पाहिलेत. हे तिला कुणी दाखवायचंच नाही का?

रडण्याचं म्हणाल, तर भूक हे रडण्याच्या कारणांपैकी एकच. दूध पुरतंय का, हे शू आणि वजन सांगतं. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं, पाचव्या दिवसानंतर रोज किमान सहा वेळा शू, सुरुवातीला घटलेलं वजन दोनेक आठवड्यांत भरून येणं. हे होत नसेल किंवा बाळ सुस्त पडून राहत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तेव्हा डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर ते द्यायलाच हवं.

शिकवून फरक पडतो का? बेलारूसमध्ये १७ हजारांहून अधिक आई-बाळांच्या जोड्यांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन आयांना मदत केली, तिथे तिसऱ्या महिन्यात फक्त आईच्या दुधावर असलेली बाळं ४३.३ टक्के होती, इतर ठिकाणी ६.४ टक्के.

दडपणाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. रागावून, लाजवून शिकवणारे असतात आणि त्याने बाळंतीण खचते. तो शिकवणाऱ्याचा दोष. काही जणींना औषधांमुळे किंवा आजारामुळे पाजता येत नाही, काहींना प्रयत्न करूनही पुरेसं दूध येत नाही. त्यांच्याशेजारीही तितक्याच मायेने बसावं लागतं. वरचं दूध स्वच्छ आणि योग्य प्रमाणात कसं तयार करायचं, बाळाला कसं धरून द्यायचं, हेही कुणीतरी दाखवावंच लागतं.